तिसरी प्रत

मंडळी, बसून घ्या. मागे दाराशी जे उभे आहेत त्यांनीही बसावं. नसेल बसायचं तर राहा उभे. तुम्ही आलात हेच पुष्कळ झालं.

बुद्धवंदना झाली. चाळीच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मला सभेत बोलायची सवय नाही. मी कारकून माणूस, दुसऱ्याने सांगितलेलं लिहून घेणारा. सकाळपासून तीनदा कागदावर लिहिलं आणि तीनदा फाडलं. नको, पाणी नको. पाणी प्यायला थांबलो तर मी उरलेलं बोलणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे.

मी यशवंत सबनीस, राहणार गिरगाव. दौलत गमरे ज्या मदतसंस्थेच्या कचेरीत दफ्तरी, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे, होते, तिथेच मी कारकून आहे. ते माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. मी त्यांना जन्मभर अरे-तुरे केलं आणि ते मला साहेब म्हणत राहिले. आज मी त्यांना गमरेदादा म्हणणार आहे. उशीर झालाय, पण म्हणणार आहे.

मंडळी, या चाळीत आणि पलीकडच्या चाळीत गमरेदादांबद्दल एक गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक आहे. ती अशी, की चार वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला, तेव्हा जखमी झालेल्यांची यादी दौलत गमरेने पोलिसांना दिली. त्या यादीवरून धाडी पडल्या. शंकर पाताडे त्यात गेला.

मी इथे एवढंच सांगायला उभा आहे. ही गोष्ट खोटी आहे. यादी गमरेदादांनी दिली नाही. ती कुणी दिली ते मला माहीत आहे.

गेल्या बुधवारी त्यांना इथून नेलं. खांदा द्यायला माणसं कमी पडली, हे तुम्ही पाहिलंत. जिन्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "फितूर गेला." सुलोचनावहिनींनी ते ऐकलं. त्यांनी मान वर केली नाही, जिन्याचा कठडा धरून तशाच उतरत राहिल्या. मी त्यांच्या मागे दोन पायऱ्यांवर होतो आणि तेव्हाही काही बोललो नाही.

आधी आमच्या कचेरीचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या संस्थेची मुख्य कचेरी परदेशात. मुंबईच्या शाखेत तळमजल्यावर दफ्तर आहे. लांबच लांब लाकडी खण, आणि खणांत कार्डं. लढाईत हरवलेला शिपाई, ब्रह्मदेशातून पायी निघालेलं आणि वाटेत पांगलेलं कुटुंब, बोटीवरून न परतलेला खलाशी, फाळणीत आईच्या हातून सुटलेली मुलगी. कुणी शोधायला आलं की पिवळं कार्ड करायचं. कुणाची खबर मिळाली की पांढरं कार्ड करायचं. दोन्ही एकाच नावाखाली लावायची. कधीतरी पिवळ्याच्या पाठीला पांढरं लागतं आणि दोन माणसांची गाठ पडते. गमरेदादा त्याला "जोड लागली" म्हणायचे. जोड लागली की त्या दिवशी ते कचेरीत सगळ्यांना चहा पाजायचे, पण दफ्तराच्या बाहेर. आत कप घेऊन आलेल्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी एकदा दारात अडवलं होतं. "साहेब, एक थेंब सांडला तर कुणाचा तरी बाप पुसला जाईल," म्हणाले. मोठे साहेब कप घेऊन मुकाट्याने परत गेले.

सैन्यात असताना ते लिहायला शिकले. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण खणखणीत होतं. आणि त्यांची एक रीत होती. आधी गाव विचारायचं, मग बापाचं नाव, मग माणसाचं. "गिरणगावात शंभर शंकर सापडतील साहेब, पण त्या गावचा, त्या बापाचा शंकर एकच," असं म्हणायचे.

आता गोळीबाराचा दिवस. तुमच्यातले किती जण त्या दिवशी रस्त्यावर होते ते मी विचारत नाही. मोर्चा निघाला होता, "झालाच पाहिजे" म्हणत माणसं चालली होती. लाठ्या सुरू झाल्या. मग गोळ्या. आमच्या संस्थेने इस्पितळाच्या व्हरांड्यात मदतीचं टेबल मांडलं होतं. मी आणि गमरेदादा तिथे होतो. माणसं हातगाड्यांवरून येत होती, दाराच्या फळ्यांवरून येत होती. एकाचा जबडा नव्हता. त्याला नाव सांगता येईना, तर त्याने रक्तात बोट बुडवून फरशीवर नाव काढलं. गमरेदादा गुडघ्यावर बसून ते वाचत होते. शाई रक्तात फुटते म्हणून ते पेन्सिलीने लिहायचे. टोक बोथट झालं की दातांनी लाकूड सोलायचे. त्यांच्या ओठांना रक्त लागलं होतं आणि ते त्यांचं नव्हतं.

तिथे शंकर पाताडे होता. गिरणीच्या कापडखात्यातला. मांडीत गोळी. गमरेदादांनी विचारलं, "पाव्हणं, गाव कुठलं?" शंकर म्हणाला, "मालवणाकडचा." मग म्हणाला, "माका काय झाला तर आवशीक कळवा. बापूक आत्ताच सांगू नका, तो घाबरतलो." आवस म्हणजे आई, आणि बापू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. ते बापूराव आज आलेत. मागे दाराशी उभे आहेत. काल मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले, कशासाठी ते सांगितलं नाही, तरी ते आले.

गमरेदादांनी शंकरचं पांढरं कार्ड लिहिलं. नाव, बाप, गाव, चाळ, खोली नंबर. इस्पितळातून जखमींना पकडून नेतायत अशी बोलवा उठली, म्हणून ज्यांना हलता येत होतं ते पट्टी बांधून घरी पळाले. शंकरही गेला. आपापल्या खोलीत लपून राहिले सगळे. कुठे लपलेत हे चाळीला ठाऊक होतं, आणि आमच्या कार्डांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्या कार्डांवरून यादी टाईप केली.

इथे जरा नीट ऐका. आमच्याकडे यादीच्या तीन प्रती काढायची पद्धत होती. पहिली परदेशातल्या मुख्य कचेरीला. दुसरी आमच्या दफ्तराला. आणि तिसरी सरकारी कचेरीच्या मदत खात्याला. आग लागली, चाळ कोसळली, पूर आला, की तिसरी प्रत तिकडे जायची, म्हणजे लोकांना कपडे, धान्य, पत्रे लवकर मिळायचे. वर्षानुवर्षं जायची. मीच पाठवायचो. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. हाताला इतकी सवय झालेली, की डोकं लागायचंच नाही.

त्या दिवशीही लागलं नाही. मंडळी, गोळ्या सरकारनेच घातल्या होत्या, हे मला माहीत होतं. मी व्हरांड्यात उभा होतो, माझ्या धोतराला रक्त लागलं होतं. आणि तरीही मी तीन कागद घातले, दोन कार्बन घातले, गोळी लागलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, चाळ आणि खोली नंबर टाईप केला, तिसऱ्या प्रतीवर सही केली, शिक्का मारला, पाकीट बंद केलं. कुणी मागितलं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं. माझ्या मानेवर सुरी नव्हती. मी ते पाकीट गमरेदादांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "गमरे, जाता जाता हे देऊन टाक." ते देऊन आले. पाकिटात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दफ्तरी पाकीट फोडत नाही.

यादी मी दिली. मी, यशवंत सबनीस.

थांबा. कुणी उठू नका. मी पळून जात नाहीये. मला पुरतं बोलू द्या.

चार-पाच दिवसांनी सकाळी पाण्याच्या वेळेला पोलीस आले. हातात टाईप केलेली यादी होती, मदत खात्यातून त्यांच्याकडे गेलेली. जमादार नाव वाचायचा, खोली नंबर वाचायचा. दारं ठोठावली नाहीत त्यांनी, बुटांनी फोडली. शंकर चटईवर पडून होता. त्याला दुखऱ्या पायाला धरून ओढलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली, डोकं पायऱ्यांवर आपटत. पट्टी जिन्यातच सुटली. नळावर रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी कळश्या टाकून दिल्या आणि त्याला धरायला धावल्या, तर त्यांच्या हातांवर लाठ्या बसल्या. एका बाईचं मनगट मोडलं. बापूराव भावाच्या अंगावर आडवे पडले, त्यांच्या बरगड्यांवर बुटांनी मारलं. शंकरला गाडीत टाकलं. दोन दिवसांनी त्याचं प्रेत मिळालं. तोंडात दात राहिले नव्हते. गोळीने मेला, असं लिहून आलं. गोळीने तो मेला नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही आहे.

ही यादी आली कुठून, असं चाळ विचारू लागली. सरकारी कचेरीतल्या एका पट्टेवाल्याने सांगितलं, पाकीट आणणारा माणूस मी पाहिलाय, तो गमऱ्या.

त्यानंतरच्या शनिवारी मी आणि गमरेदादा परळला आलो होतो. जखमींची पुन्हा चौकशी करून कार्डं पुरी करायची होती. गोळीबारापासून गमरेदादा कचेरीतच मुक्कामाला होते, त्यामुळे धाडी पडल्याचं आणि शंकर गेल्याचं आम्हाला तोवर कळलं नव्हतं. गिरणीच्या फाटकापाशी माणसांनी आम्हाला घेरलं. पुढे बापूराव होते. त्यांच्या हातात लाकडी दांडका होता. ते मला म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झालो.

मंडळी, आम्ही दोघं एकाच कचेरीचे, एकाच कामाला आलेले, एकाच पिशवीतली कार्डं घेऊन उभे. पण मी गिरगावचा सबनीस, अंगात पांढरा कोट, म्हणून मला साहेब आणि जरा बाजूला व्हा. ते गमरे, परळच्या या चाळीतले, म्हणून त्यांची गचांडी. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. माझ्यावर संशय घ्यावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि मला ते सोयीचं पडलं.

बापूरावांनी विचारलं, "पाकीट घेऊन तू गेला होतास का नाही? खोलीखोलीत शिरले ते, नंबर वाचून. शंकर मेला आमचा. गेला होतास का?"

गमरेदादांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी त्यांना कळलं, पाकिटात काय होतं ते. मलाही त्याच क्षणी कळलं, मी काय केलंय ते. मी खाली बघितलं. ते म्हणाले, "गेलो होतो."

खोटं नाही बोलले. गेले होते ते.

मग मारलं त्यांना. पोटात, पाठीत, तोंडावर. पडले तर उठवून मारलं. मग त्यांचा उजवा हात फुटपाथच्या कडेच्या दगडावर ठेवला. कुणीतरी म्हणालं, "याच हाताने नावं लिहिलीस ना?" आणि दांडका खाली आला. एकदा नाही. मी बोटं मोडल्याचा आवाज ऐकला. त्यांनी एकदा आईला हाक मारली, बस्स. मी दहा हातांवर उभा होतो. दोन शब्द पुरे होते, "यादी माझी." मी बोललो नाही. मी बाजूला झालो होतो, आणि बाजूलाच राहिलो.

बापूराव, मी तुम्हाला दोष देत नाही. तुमचा भाऊ गेला होता आणि तुम्हाला चुकीचा माणूस सापडला होता. खरा माणूस तुम्हीच बाजूला केला होता. त्याने तोंड उघडायला हवं होतं, ते त्याचं काम होतं.

दहा-बारा दिवसांनी ते कचेरीत आले. हाताला फळी बांधलेली, एका डोळ्यात रक्त साकळलेलं. दफ्तरात आम्ही दोघंच होतो. मी रडलो. म्हटलं, गमरे, मी चाळीत येऊन सांगतो. ते खणाशी बसले होते. म्हणाले, "नका सांगू."

मी विचारलं, का?

म्हणाले, "साहेब, माणूस फितूर निघाला तर लोक त्याला मारतात आणि विसरतात. दफ्तर फितूर निघालं तर उद्या गोळी लागलेला माणूस आपल्याला नाव सांगेल का? बिननावाचा मरेल तो. त्याची आई शोधायला आली तर मी काय दाखवू तिला, रिकामा खण?"

तुमच्यातल्या थोड्यांना ठाऊक असेल, त्यांचा थोरला भाऊ लढाईच्या दिवसांत बोटीवर खलाशी होता. तो परत आला नाही. त्याचं पिवळं कार्ड त्यांच्या आईने अंगठा देऊन केलेलं आहे. आजही खणात आहे. त्याला जोड लागलेली नाही. रिकामा खण म्हणजे काय, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं.

त्यांनी अडवलं म्हणून मी गप्प बसलो, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला गप्पच बसायचं होतं. त्यांनी मला निमित्त दिलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

त्या चार वर्षांत काय झालं ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. नळावर वहिनींचा हंडा कितीदा लाथेने उडवला? दारावर चुन्याने काय लिहिलं होतं? मुलीची ठरलेली सोयरीक का मोडली? गमरेदादांनी घरातही सांगितलं नाही. वहिनी, काल मी तुम्हाला हे सगळं सांगितलं, तेव्हा तुम्ही मला शिवी दिली नाहीत. दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "ते रोज झोपताना तो हात उशाखाली ठेवायचे. मी विचारायची, दुखतो का? तर नाही म्हणायचे." मला हे ऐकून घरी जाववेना.

आणि ते काम करत राहिले. डाव्या हाताने लिहायला शिकले, पेन्सिल मुठीत धरून. पुढे पुन्हा लाठ्या चालल्या, पुन्हा माणसं आली, पुन्हा कार्डं झाली. मी टाईप करायला बसलो की ते माझ्यामागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, दोनच कागद." दरवेळी. मला न दुखवता, पण दरवेळी. मोठ्या साहेबांनी विचारलं तर कार्बन संपलाय म्हणून सांगायचे. त्यानंतर आमच्या दफ्तरातून एकाही जखमीचं नाव बाहेर गेलं नाही. तुमच्यातले काही जण त्यामुळे आज जिवंत आहेत. कोण, ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही, दफ्तरातलं बाहेर सांगत नाहीत.

आता राज्य मिळालं. मुंबई मिळाली. पेढे वाटले, मीही वाटले. त्या दिवशी गमरेदादा खणांवरची धूळ पुसत होते. मी पेढा पुढे केला तर म्हणाले, "ठेवा तिकडे साहेब, हात धुऊन घेतो." गेल्या मंगळवारी त्यांच्या छातीत कळ आली आणि इस्पितळात ते गेले.

गुरुवारी मी दफ्तर उघडलं. मी शंकर पाताडेचं कार्ड काढलं. चार वर्षांत ते बघायची माझी छाती झाली नव्हती. आमच्याकडे नियम आहे, कार्डावरची माहिती बाहेर गेली की कार्डाच्या पाठीवर लिहायचं, कुणाला दिली आणि कुणी दिली. मी कार्ड उलटं केलं. डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर होतं. लिहिलं होतं, "माहिती सरकारी कचेरीस दिली. परिणामी इसम मयत." आणि त्याखाली, "देणाराची सही." पुढे काही नाही. कोरी जागा.

त्या यादीतलं प्रत्येक कार्ड मी काढून बघितलं. प्रत्येकाच्या पाठीवर तेच, आणि तीच कोरी जागा. चाळीत त्यांनी माझं पाप अंगावर घेतलं. कार्डावर घेतलं नाही. तिथे स्वतःचं नाव घातलं नाही, आणि माझंही घातलं नाही. मला ते कधी बोललेही नाहीत. नुसती जागा ठेवली.

काल दुपारी मी बसून त्या प्रत्येक कार्डावर सही केली. पूर्ण नाव घातलं, यशवंत रामचंद्र सबनीस. मोठ्या साहेबांना लेखी दिलं. ते माझं काय करतील ते करोत. कार्डं इथे आणलेली नाहीत, दफ्तरातला कागद मी आता बाहेर काढणार नाही. बापूराव, सोमवारी कचेरीत या. खण उघडून तुमच्या भावाचं कार्ड तुमच्या हातात देतो. वाचून बघा.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. त्याआधी एक मागणं आहे. ज्या माणसाला तुम्ही मारलंत तो तुमचाच होता. बापूराव, तुम्ही पुढे या आणि वहिनींच्या शेजारी उभे राहा. मी खाली उतरून तिकडे दाराशी, तुमच्या जागेवर जातो. सभा संपल्यावरही मी तिथेच असेन. या वेळी मी बाजूला होणार नाही.

गमरेदादा, नमस्कार.

उभे राहू या.